मॅनेजर झाल्यावर टीममधल्या माणसांशी नातं कसं टिकवायचं?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्रच असते, पण आज मदत हवीये म्हणून धागा काढतेय.

ज्या टीममध्ये इतकी वर्षं काम केलं त्याच टीमची आता मी मॅनेजर झालेय. एकूण अकरा जण, त्यातले चौघं पूर्णवेळ घरून काम करतात आणि दोघं वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा बरेच मोठे आहेत. कामाचं मला टेन्शन नाही, ते येतं. टेन्शन आहे ते माणसांचं. कालपरवापर्यंत जे माझ्याशी घरचं-दारचं सगळं बोलायचे ते आता मी समोर आले की सावरून बसतात, "कसं चाललंय" विचारलं की "मस्त, काही प्रॉब्लेम नाही" एवढंच, आणि मग कामाचं बोलणं सुरू. मला पूर्वी एक मॅनेजर होते, ज्यांना माझ्याबद्दल नाव आणि पदापलीकडे काही म्हणजे काही माहीत नव्हतं, मी तिथून बाहेर पडले त्याचं मोठं कारण तेच होतं. मला तसं व्हायचं नाहीये. पण म्हणून कोणाच्या खासगी आयुष्यात नाक खुपसायचंही नाहीये.

तुमच्यापैकी जे मॅनेजर आहेत ते नेमकं काय करता, आणि जे नाहीत त्यांना आपल्या मॅनेजरकडून काय हवं असतं, दोन्ही बाजूंनी लिहा प्लीज.

रानजाई
अभिनंदन पाऊलवाट! बरीच वर्षं एचआरमध्ये काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे की तुमचं टेन्शन फालतू नाहीये. गॅलप या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेची कर्मचाऱ्यांसाठी जी बारा प्रश्नांची प्रसिद्ध प्रश्नावली आहे ना, त्यात पगाराबद्दल एकही प्रश्न नाही, पण "इथे माझी एक माणूस म्हणून कोणाला तरी काळजी आहे का" अशा अर्थाचा प्रश्न आहे. आणि २०१५ साली त्यांनीच मांडलं होतं की कामात जीव ओतण्याच्या बाबतीत टीम-टीममध्ये जो फरक दिसतो त्यातला किमान ७० टक्के मॅनेजरमुळे असतो. म्हणजे एकाच कंपनीत, एकाच पगारात, एक टीम फुललेली असते आणि शेजारची कोमेजलेली, ते उगाच नाही.

आता उपाय. माझ्या मते एकच गोष्ट धरायची असेल तर वन-ऑन-वन, म्हणजे दोघांचीच समोरासमोर मीटिंग, धरा. आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला, प्रत्येकाशी अर्धा तास, ठरलेल्या वेळी. पण ते कसं करता यावर सगळं आहे. इंटेलचे अँडी ग्रोव्ह ऐंशीच्या दशकातच सांगून गेलेत की ही मीटिंग हाताखालच्या माणसाची समजायची, काय बोलायचं ते त्याने ठरवायचं. बहुतेक ठिकाणी होतं उलटंच, मॅनेजर यादी घेऊन बसतो, हे झालं का, ते कधी होणार, अर्धा तास संपला. ते स्टेटस आहे, ते मेलवर घ्या.

दुसरं म्हणजे ही मीटिंग रद्द करू नका. वेळ बदला, दुसऱ्या दिवशी ढकला, पण "या आठवड्यात राहू दे, खूप लोड आहे" असं दोनदा झालं की समोरच्याला कळतं आपला नंबर कुठे लागतो ते. तुमच्यासाठी तो कॅलेंडरमधला एक चौकोन असतो, त्याच्यासाठी मात्र साहेबांशी निवांत बोलायची ती एकच जागा असते.

तिसरं, "कसं चाललंय"ला "मस्त" हेच उत्तर येणार, कारण अप्रेझल तुमच्या हातात आहे. प्रश्न छोटा आणि नेमका करा. "या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?", "असं कुठलं काम आहे जे दुसऱ्या कोणी केलं तर तुला हायसं वाटेल?", "मी काय करायचं थांबवलं तर तुझं काम सोपं होईल?" हा शेवटचा विचारला की पहिल्या वेळी समोरचा हसून टाळतो, दुसऱ्या वेळी थोडं बोलतो, आणि त्यावर तुम्ही खरंच काहीतरी बदललंत तर तिसऱ्या वेळी विचारावंच लागत नाही.

आणि अर्ध्या तासाची शेवटची पाच मिनिटं मोकळी ठेवा. महत्त्वाचं बरंचसं लोक उठता उठता, "बरं अजून एक" म्हणून सांगतात. तेव्हाच तुम्ही घड्याळ बघत असाल तर संपलं.

गुगली
वरच्या प्रतिसादाला +१. वाचतोय.

शिफ्टवाला
ताईंनी चांगलं लिहिलंय पण ते झालं ऑफिसातलं. मी कारखान्यात सुपरवायझर आहे, आमच्याकडे कोणाच्या कॅलेंडरमध्ये जायचं, मशीन चालू असताना अर्धा तास कोण सोडणार. आमच्याकडे एकच चालतं, फिरायचं. ह्युलेट-पॅकार्डमध्ये हे फार जुन्या काळापासून होतं, साहेब लोक केबिन सोडून लोकांच्या जागेवर जाऊन बोलायचे, त्याची पुढे मॅनेजमेंटची पद्धत म्हणून खूप चर्चा झाली.

पण फिरायचं म्हणजे राउंड मारायचा नाही. हातात पॅड आणि पेन घेऊन फिरलात की लोक समजतात तपासणी चाललीय. मी शिफ्ट बदलताना पंधरा मिनिटं आधी जातो, जाणारे पण भेटतात आणि येणारे पण, दोघांचे चेहरे बघून बरंच कळतं.

एक सांगतो. आमचा एक ऑपरेटर, एकदम हाताचा पक्का माणूस, त्याच्या जॉबमध्ये कधी रिजेक्शन नाही, म्हणजे एकही पार्ट तपासणीत नापास नाही. त्याचं एकाएकी रिजेक्शन वाढायला लागलं, वरून विचारणा झाली, मेमो द्यायची भाषा सुरू झाली. मी म्हटलं दोन दिवस द्या. काही न बोलता त्याच्या बाजूला उभा राहिलो, दुसऱ्याच्या मशीनचं काम बघतोय असं दाखवून. तर हा पठ्ठ्या माप घ्यायच्या गेजचा काटा बघायचा, मग मान मागे घ्यायचा, परत पुढे, आणि मग बाजूच्या पोराला सहज विचारल्यासारखं "किती आला रे?" करायचा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुट्टी झाल्यावर गेटपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो, इकडचं तिकडचं बोललो, आणि मग म्हटलं, "दादा, मलाही आता बारीक आकडे दिसत नाहीत, चष्मा लागलाय." तेव्हा तो बोलला. नजर कमी झालीय, पण सांगितलं तर मशीनवरून काढून हेल्परचं काम देतील ही भीती. बस एवढंच होतं. डोळे तपासून घेतले, चष्मा आला, आणि त्या मशीनला मोठ्या आकड्यांचा डिजिटल गेज लावून घेतला. तो गेज आता तिन्ही शिफ्टचे लोक वापरतात.

मेमो दिला असता तर तो माणूस गेला असता आणि आम्हाला कारण कधी कळलंच नसतं. म्हणून म्हणतो, माणूस ओळखीचा असेल तरच त्याच्यातला बदल दिसतो. रोजचा कसा असतो तेच माहीत नसेल तर आज वेगळा आहे हे कसं कळणार.

रानजाई
शिफ्टवाला, काय सुंदर अनुभव लिहिलात! आणि सगळ्यांसमोर न विचारता गेटपर्यंत चालत जाऊन विचारलंत ते किती महत्त्वाचं होतं.

मितभाषी
मी मॅनेजर नाही, मी दुसऱ्या बाजूचा. थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

मला माझ्या मॅनेजरशी "नातं" नकोय. मी काम करतो, चांगलं करतो, वेळेवर देतो. वीकेंडला काय केलं, घरी कोण कोण असतं, लग्न का नाही केलं, हे प्रश्न मला नको वाटतात आणि ते विचारणारा माझा पगार ठरवणारा असेल तर उत्तर न देण्याचीही चोरी. आधीच्या एका ऑफिसात दर शुक्रवारी सगळ्यांनी गोल बसून स्वतःबद्दल काहीतरी "मनातलं" सांगायचं अशी टूम निघाली होती. माझ्यासारख्याला गुरुवारपासूनच धडकी. त्यात एका मुलीने घरच्या अडचणीबद्दल सांगितलं आणि पुढच्या प्रोजेक्टला तिला घेतलंच नाही, "तिच्यावर आत्ता लोड नको" म्हणून. तिला कोणी विचारलं? तिला तोच प्रोजेक्ट हवा होता!

तर पाऊलवाट, टीममध्ये माझ्यासारखे पण असतील याचा विचार करा एवढंच.

रानजाई
मितभाषी, राग कसला, तुमचा मुद्दा या धाग्यावर यायलाच हवा होता.

मी जेव्हा "माणूस म्हणून ओळखा" म्हणते तेव्हा घरातली माणसं मोजा असं नाही म्हणत. एखाद्याला सकाळी शांतता लागते, एखाद्याला सगळ्यांसमोर कौतुक केलेलं आवडत नाही, एखाद्याला पुढे जाऊन टीम लीड व्हायचंय तर दुसऱ्याला अजिबात नाही व्हायचं, त्याला कोडमध्येच रमायचंय. हे कळणं म्हणजे पण वैयक्तिक ओळखच. आणि ते थेट विचारता येतं: "तुला चूक कशी सांगितलेली आवडते, लगेच की नंतर, लिहून की बोलून?" यात खासगी काही नाही.

लग्न, मूल, आजारपण, धर्म, हे विषय मॅनेजरने आपणहून काढूच नयेत. समोरच्याने काढला तर ऐकावं, जेवढं सांगितलं तेवढंच घ्यावं, खोदू नये. आणि तुम्ही सांगितलेल्या त्या मुलीच्या बाबतीत जे झालं ते तर फार वाईट, कोणी विश्वासाने काही सांगितलं तर त्यावरून परस्पर निर्णय घ्यायचा नाही, "तुला यात काय मदत हवी, की नुसतं कानावर घालून ठेवायचंय?" हे विचारायचं. निम्म्या वेळा लोकांना फक्त कानावर घालायचं असतं.

अजून एक, फार महत्त्वाचं. ऐकायच्या आधी "मी कोणालाही सांगणार नाही" असं वचन देऊन बसू नका. छळाचा, सुरक्षेचा विषय निघाला तर मॅनेजर म्हणून तुम्हाला पुढे कळवावंच लागतं. "शक्य तेवढं माझ्याजवळ ठेवेन, पण काही गोष्टी मला सांगाव्याच लागतात" हे आधीच बोललेलं बरं.

मितभाषी
चूक कशी सांगितलेली आवडते हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नाही. हे विचारलं असतं तर मी पण बोललो असतो. धन्यवाद.

अवकाळी
चौघं घरून काम करतात म्हणालात ना, त्यावर लिहिते, कारण मी पूर्णवेळ घरून काम करते आणि माझी टीम पण विखुरलेलीच आहे.

एमआयटीच्या थॉमस अॅलन यांनी सत्तरच्या दशकात मोजून दाखवलं होतं की दोन माणसांच्या जागांमधलं अंतर वाढलं की त्यांचं कामाबद्दलचं बोलणं झपाट्याने कमी होतं, पन्नासेक मीटरच्या पुढे तर जवळपास नाहीच. मग दुसऱ्या शहरात बसलेल्याचं काय! ऑफिसात असणाऱ्यांशी तुमचं बोलणं आपोआप होणार, लिफ्टमध्ये, कॉरिडॉरमध्ये. घरून काम करणाऱ्यांशी आपोआप काहीच होत नाही, जे होतं ते ठरवूनच करावं लागतं. म्हणून त्या चौघांसाठी वेळ थोडा जास्तच ठेवा, सारखा ठेवलात तरी ते मागे पडतात.

दुसरं म्हणजे प्रत्येक वेळी व्हिडिओचा आग्रह नको. माझ्या टीममध्ये एक मुलगा आहे, व्हिडिओवर "हो, ठीक आहे, चालेल" याच्या पुढे जायचा नाही, स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा बघत बसायचा. एकदा त्याचं इंटरनेट गेलं म्हणून साध्या फोनवर बोललो, मी चालत होते, तो पण गच्चीत फेऱ्या मारत होता, आणि तो जे काही बोलला, की त्याला टेस्टिंग सोडून डिझाइनकडे जायचंय आणि रात्री बसून तो स्वतःच शिकतोय! तेव्हापासून आमचं वन-ऑन-वन फोनवरच, चालता चालता. ज्याला जे जमतं ते विचारून ठरवा.

आणि मॅनेजरने कॅलेंडरवर विषय न लिहिता "जरा बोलू या का?" एवढाच मेसेज टाकू नये. समोरच्याच्या पोटात गोळा येतो, नोकरी गेली की काय वाटतं. सोबत एक ओळ लिहा, "काळजीचं काही नाही, त्या रिपोर्टबद्दल विचारायचंय." चांगलं काही सांगायचं असेल तरी लिहा. रात्री सुचलं तर लिहून ठेवा पण पाठवा सकाळी, "उद्या बघितलंस तरी चालेल" असं लिहिलं तरी साहेबांचा मेसेज आला की माणूस लॅपटॉप उघडतोच.

जुनाजाणता
छान चर्चा. मी निवृत्त झालोय, पण हा विषय माझ्या जवळचा.

कर्मचाऱ्यांशी मनमोकळं बोलणं हे काही आजचं फॅड नव्हे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून जे प्रयोग झाले त्यातला उजेड कमी-जास्त करण्याचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो मुलाखतींचा भाग. १९२८ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत २० हजारांहून जास्त कामगारांशी बोलले तिथले संशोधक. सुरुवातीला ठरलेले प्रश्न घेऊन जायचे, कामाबद्दल काय वाटतं, सुपरवायझरबद्दल काय वाटतं. कामगार भलत्याच विषयावर घसरायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की तो "भलता विषय" हाच त्या माणसाचा खरा विषय आहे, तेव्हा प्रश्नावली बाजूला ठेवली आणि नुसतं ऐकायला लागले. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. आणि बऱ्याचदा तक्रार एका गोष्टीची असायची आणि दुखणं दुसरीकडेच असायचं. शिफ्टवाला यांचा चष्म्याचा किस्सा वाचताना मला तेच आठवलं.

कौतुकाबद्दलही बोलतो. कॅम्पबेल सूप कंपनीचे डग कोनंट २००१ ते २०११ प्रमुख होते, त्या काळात त्यांनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या हाताने सुमारे ३० हजार चिठ्ठ्या लिहिल्या. त्यातली मेख अशी की चिठ्ठी नेमकी असायची, अमुक काम तू असं केलंस म्हणून. नुसतं "वेल डन टीम" हे कोणालाच लागत नाही कारण ते कोणालाच उद्देशून नसतं. पेप्सिकोच्या इंद्रा नूयी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आई-वडिलांना पत्रं लिहायच्या, तुमच्या मुलाने-मुलीने कंपनीसाठी काय केलं ते सांगणारी. ऐकायला फार गोड वाटतं आणि अनेकांना ते भिडलंही, पण मी असतो तर सरसकट केलं नसतं. एखाद्याचं घरी पटत नसेल, एखाद्याचे आई-वडील नसतील. आधी माणूस माहीत हवा, मगच अशी गोष्ट करावी.

दुपारचं_ऊन
एक मुद्दा राहिलाय म्हणून लिहितेय, लाडक्यांचा. मॅनेजर आपुलकीने वागतो म्हणजे प्रत्यक्षात चार जणांशी वागतो, जे त्याच्यासारखे असतात, त्याच्या भाषेतले, त्याच्यासारखे विनोद करणारे, क्रिकेटवर बोलणारे. बाकीचे आपले "हाय सर, बाय सर". मग चांगली कामं कोणाला मिळतात? त्या चौघांनाच, आणि मुद्दाम नाही हं, पटकन तेच आठवतात म्हणून. सत्तरच्या दशकापासून यावर संशोधन चालू आहे, की एकाच साहेबाचं प्रत्येकाशी नातं वेगळ्या दर्जाचं असतं आणि आतला गट, बाहेरचा गट तयार होतो. मी दोन्ही गटांत राहून बघितलंय, बाहेरच्या गटात माणूस हळूहळू बोलायचंच सोडून देतो.

माझी एक मॅनेजर महिन्याच्या शेवटी सगळ्यांची नावं कागदावर लिहून प्रत्येकापुढे आपण त्याच्याशी कामाशिवाय शेवटचं कधी बोललो ते आठवून लिहायची. ज्यांच्यापुढे काही आठवायचं नाही, पुढच्या आठवड्यात आधी त्यांच्याकडे जायची. तिने हे आम्हाला सांगितलं ती टीम सोडताना. तोपर्यंत आम्हा प्रत्येकाला वाटायचं की तिचं आपल्याशी खास जमतं.

पाऊलवाट
बापरे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचून काढलं. तीन शंका अजून.
वयाने मोठ्या असलेल्या दोघांशी कसं बोलू? त्यांना मी "तुम्ही" म्हणते, आणि "तुमचं कुठे अडतंय" हे त्यांना विचारणं मलाच जड जातं.
दुसरं, टीममध्ये माझी जवळची मैत्रीण आहे. तिचं अप्रेझल आता मी करणार.
तिसरं, सगळ्यांचं सगळं लक्षात कसं ठेवायचं? लिहून ठेवलं तर चालतं का, की ते पाळत ठेवल्यासारखं होईल?

शिफ्टवाला
मोठ्यांचं मी सांगतो, माझ्या हाताखाली माझ्या वडिलांच्या वयाचे लोक होते. त्यांना अडचण विचारायची नाही, सल्ला विचारायचा, आणि खोटा नाही, खरा. "हे काम मी असं करायचं ठरवतेय, तुम्ही यातून गेलायत, कुठे फसेल?" ते बोलता बोलता स्वतःची अडचण पण सांगून जातात. मात्र सल्ला घेतला नाही तर का नाही घेतला ते जाऊन सांगायचं. न सांगता सोडून दिलं की पुन्हा ते तोंड उघडत नाहीत.

रानजाई
मैत्रिणीचं. पहिल्याच आठवड्यात तिच्याशी स्पष्ट बोला, अप्रेझलची वाट बघू नका. "आपली मैत्री आहे आणि राहील, पण टीममधल्या इतरांबद्दल मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि तुझं काम मी इतरांसारखंच बघणार" एवढं सांगा. थोडं अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या. आणि तिचं रेटिंग ठरवताना तुमच्या वरच्यांना आधी सांगून ठेवा की ही माझी मैत्रीण आहे, दुसरं कोणीतरी आकडा तपासून बघा. यात तिचंही भलं आहे, नाहीतर तिला चांगलं रेटिंग मिळालं तरी लोक म्हणणार ओळखीने मिळालं.

लिहून ठेवण्याबद्दल, ठेवा, पण काय लिहायचं ते ठरवून. "मी काय कबूल केलं" हे लिहा: अमक्याला ट्रेनिंगचं बघते म्हटलंय, तमक्याची शिफ्ट बदलायचं विचारणार आहे. कोणाच्या घरी काय चाललंय ते लिहू नका, तब्येतीचं तर अजिबात नाही. मी सगळ्यांना एक कसोटी सांगते, ती वही त्या माणसाच्या हाती लागली आणि त्याने आपलं पान वाचलं तर त्याला बरं वाटेल का?

अवकाळी
याला जोडून, कबूल केलेलं जमलं नाही तर तेही सांगा. "विचारलं होतं, नाही म्हणाले, कारण असं असं" हे ऐकलं की माणूस समजून घेतो. त्या डिझाइनवाल्या मुलाची बदली मला अजूनही करून देता आलेली नाही, पण दर वेळी कुठपर्यंत आलंय ते सांगते, आणि मधल्या काळात आठवड्यातला अर्धा दिवस त्याला डिझाइनच्या टीमबरोबर बसायला मिळवून दिलाय.

मितभाषी
आणि पाऊलवाट, तुमच्या अकरा जणांमध्ये जो सगळ्यात कमी बोलतो त्याला पहिल्या वन-ऑन-वनच्या आदल्या दिवशी प्रश्न लिहून पाठवा. आयत्या वेळी विचारलं की आम्हाला सुचत नाही, आणि मग दिवसभर चुटपुट लागते की हे बोलायला हवं होतं.

पाऊलवाट
हे मस्त आहे मितभाषी, करतेच. सोमवारी सगळ्यांना वन-ऑन-वनच्या वेळा पाठवतेय, सोबत विषय पण लिहिणार आणि "स्टेटस नको, ते मेलवर" हे पण. सुरुवात घरून काम करणाऱ्या चौघांपासून. दोघा मोठ्यांसाठी नवीन क्लायंटच्या कामाचा आराखडा तयारच आहे, त्यात मला खरंच दोन ठिकाणी शंका आहे, तोच घेऊन जाते त्यांच्याकडे. मैत्रिणीशी उद्याच बोलते.

शिफ्टवाला
करा आणि महिन्याभराने इथे लिहा काय झालं ते. आणि हो, पहिल्या वेळी कोणी काही बोललं नाही तरी अर्धा तास पूर्ण बसा, लवकर उठू नका.